खोडावरच्या दोन रेघा

आमचं दीड एकर रान परंडा तालुक्यात, माळाच्या उतरणीला. मला कळायला लागल्यापासून त्यात मी तूरच बघितली, आणि ती वाळतानाच बघितली. फुलावर आलेलं झाड दोन-चार दिवसांत उभ्या जागी काडी व्हायचं. शेजारचं हिरवं, हे वाळलेलं. अण्णा म्हणायचे, मातीतच काहीतरी खोट हाय. माय म्हणायची, नजर लागती. आणि पुढच्या साली परत तूरच पेरायची, कारण घरात बियाणं तेवढंच असायचं. तूर पिकवणाऱ्या आमच्या घरात वरण इतकं पातळ असायचं की ताटलीचा तळ दिसायचा. माय लोकांच्या रानात खुरपायला जायची, अण्णा लोकांच्या बागेला पाणी द्यायला.

मी सातवीत असताना गावात शेतीखात्याची जीप आली. थांबली ती एका बागायतदाराच्या शेडपाशी, कारण रस्ता तिथवरच होता. अण्णांनी त्या दिवशी कामाला खाडा केला. वाळायला लागलेलं एक झाड मुळासकट उपटलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यासोबत होते. आत भाषण झालं, चहा झाला, फोटो झाला. साहेब बाहेर आले तसे अण्णा पुढं झाले.

"साहेब, एवढं बघता का?"

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "पुढच्या खेपेला दाखवा," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. पुढची खेप काही आली नाही.

पुढं मी बी.एस्सी. ॲग्री झाले. आमच्या घरातलीच काय, आमच्या वस्तीतली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. दुसऱ्या वर्षाला सरांनी तुरीचा मर रोग शिकवला. जमिनीत राहणारी बुरशी आहे, एकाच रानात दरसाल तूर घेऊ नका, रोगाला दाद न देणारं वाण पेरा, पेरायच्या आधी बियाण्याला औषध चोळा. वहीत अर्धं पान भरलं. मला रडू वगैरे आलं नाही, राग आला. एवढं अर्धं पान आमच्या रानापर्यंत यायला किती वर्षं लागली होती! त्या साली अण्णांना हट्टानं ज्वारी पेरायला लावली. दोन सालांनी तूर घेतली, ती चांगल्या वाणाची, आणि ती उभी राहिली. तेव्हापासून अण्णा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे, "लेक आमची पिकाची डॉक्टर हाय."

परीक्षा देऊन मी कृषी सहायक झाले आणि मला सास्तूरच्या बाजूची चार गावं मिळाली. या भागातली बरीच गावं त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसलेली. सरळ लाइनी, एकसारखी घरं, मधून रुंद रस्ते. गाव नव्या जागी आलं, पण रानं जुन्या गावाजवळच राहिली. त्यामुळं घरातून रानात जायचं म्हणजे चांगली पायपीट.

माझ्या आधी तिथं एक म्हातारे सहायक होते. निवृत्त होताना त्यांनी मला दप्तर दिलं, शिक्के दिले आणि खिशातलं एक भिंग दिलं. त्यांच्या चपलांना कायम माती लागलेली असायची. आपल्या हातातल्या मोबाइलकडं बघून ते म्हणाले, "म्याडम, आता समदं ह्यातच हाय म्हणत्यात. पण पीक फोटोत आजारी पडत न्हाय, एवढं ध्यानात ठेवा."

मी हसले नाही, पण मनात म्हटलं, जुना माणूस.

त्यांच्या काळी सहायकाचं काम म्हणजे हिंडणं. गावात जायचं, बांधावर बसायचं, शेतकऱ्याला काय झालंय ते बघायचं आणि सांगायचं. माझ्या वाट्याला आलं ते वेगळंच काम. कुणाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, कुणाचा अंगठा उमटत नाही तो उमटवायचा, पंचनाम्याला फोटो, यंत्राला फोटो, फळबागेच्या खड्ड्याला फोटो, आणि प्रत्येक फोटोत ठिकाण आणि वेळ उमटलेली पाहिजे. हे सगळं काही वाईट नाही. माझ्या वडलांसारख्या माणसाला आता शेडच्या बाहेर उभं राहावं लागत नाही, यादीत नाव दिसतं. पण दिवसभर यादी बघितली की संध्याकाळी पीक बघायला डोळे उरत नाहीत. हे मी सबब म्हणून सांगत नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं.

झालं ते असं. एका गावात मला महिलांची शेतीशाळा घ्यायची होती, सोयाबीनची. शेतीशाळेची रीत मोठी छान आहे. बायकांनी आधी रानात जायचं, झाडं खालीवर बघायची, पानं उलटायची. मग बसून मोठ्या कागदावर चित्र काढायचं. मधोमध झाड, एका बाजूला पिकाचे वैरी किडे, दुसऱ्या बाजूला मित्र किडे. जिला लिहिता येत नाही तीसुद्धा काढते. त्या चित्रावरून ठरवायचं, या आठवड्यात रानात काय करायचं. सगळी अक्कल त्या चित्रात असते. म्हणजे असायला पाहिजे.

त्या वर्गात एक काकू होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मालक वारल्यावर त्यांचं दोन एकर रान धाकट्या दिराकडं बटईनं गेलं होतं. दीर पेरणार, अर्धं यांना देणार. काकूंनी त्या साली पहिल्यांदा रान मागून घेतलं होतं, स्वतः कसायला. दिरानं भांडण केलं नाही, पण चारचौघांत सांगितलं होतं, "वयनी, एक साल बघू. न्हाय जमलं तर रान परत माज्याकडं." सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. काकूंनी स्वतःच सांगितलं होतं, म्हणून तर त्या शेतीशाळेला एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

महिन्याभराचं पीक होतं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि काळं रान चपलेला धरून ठेवत होतं. मला दुपारी दुसऱ्या गावात ऑनलाइन अर्जाचं शिबिर होतं. मी शाळेच्या व्हरांड्यातच सतरंजी टाकली आणि म्हटलं, "आज रानात नको. पीक डोळ्यांपुढं आणा आणि काढा."

बायका हसत-खिदळत बसल्या. कुणी झाडाला गुलाबासारखी फुलं काढली, कुणी मित्र किड्याला मिशा काढल्या. बाकीच्या बायका घरून आल्या होत्या. काकू पहाटेच रानात जाऊन, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, तशाच आल्या होत्या. त्यांनी एक साधं झाड काढलं. खोडावर, थोडंथोडं अंतर ठेवून, दोन आडव्या रेघा. आणि रेघांच्या वरची पानं खाली वाकलेली.

मी कागद उचलून सगळ्यांना दाखवला. "काकू, हे काय? झाडाला बांगड्या भरल्या व्हय?"

व्हरांडा हसला. एक जण म्हणाली, "म्याडम, झाडाचं लगीन जमलं जणू!" दुसरी म्हणाली, "आन् लाजून मान खाली घातलीय बगा!"

काकूही हसल्या, पदर तोंडाला लावून. मग म्हणाल्या, "दिसलं तसं काढलं, म्याडम. पुसू का?"

"राहू द्या, छान दिसतंय," मी म्हटलं.

सगळ्यांना चित्रं हातात धरून उभं केलं, फोटो काढला, खात्याच्या ग्रुपवर टाकला. वरच्या साहेबांचे दोन अंगठे आले. मी गाडीला किक मारून शिबिराला गेले.

सोयाबीनच्या खोडावर दोन समांतर रेघा म्हणजे चक्री भुंगा. भुंग्याची मादी खोडाला दोन गोल खाचा पाडते आणि मधे अंडी घालते. वरचा भाग सुकतो, अळी आतून खोड पोखरत खाली जाते. आणि झाड शेंगांच्या ओझ्यानं मोडून पडतं. पानांनी माना टाकल्या की लगेच खाचेच्या खालून तेवढा भाग मोडून काढायचा आणि नष्ट करायचा, जास्तच असेल तर फवारणी. हे मला कुणी शिकवायला नको. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते. पुस्तकातल्या आकृतीत त्या रेघा जशा होत्या, अगदी तशाच काकूंनी काढल्या होत्या, आणि मी त्यावर विनोद केला.

पुढचे वर्गही मी व्हरांड्यातच उरकले, आणि हसं झाल्यावर काकूंनी तसं चित्र परत काढलं नाही. शेंगा भरायच्या दिवसांत काकूंचा निरोप आला. मी गेले. या वेळी रानात गेले, कारण फोटोपुरतं भागणार नव्हतं. अर्ध्याच्या आसपास रान आडवं झालं होतं. दीर बांधावर उभे होते. मी एक मोडलेलं झाड उचललं, खोड नखानं चिरलं. आत पिवळसर अळी होती.

"चक्री भुंगा," मी म्हटलं. आणि मग जे बोलले ते मला आजही आठवतं. "उशीर झाला काकू. पानं सुकायला लागली तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "म्या काढलं…" एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मग मान हलवली. "व्हय. माजाच उशीर झाला आसंल."

दीर म्हणाले, "वयनी, शाळा झाली, परीक्षा बी झाली. आता रब्बीला रान द्या इकडं. कशापाई जिवाचे हाल करता?" ते चिडून बोलले नाहीत. खरंच त्यांना तसं वाटत होतं. शिकलेल्या म्याडमनंच सांगितलं होतं, बाईनं उशीर केला म्हणून.

मी पंचनाम्याचे फोटो काढले आणि निघाले.

त्या दिवशी गाडी पंक्चर होती म्हणून एसटीनं परतत होते. खिडकीशी बसून हंगामाच्या अहवालासाठी शेतीशाळेचे जुने फोटो काढायला लागले. व्हरांड्याचा फोटो आला. काकू टोकाला उभ्या, कागद छातीशी धरलेला. मी बोटांनी फोटो मोठा केला. खोड, दोन रेघा, वाकलेली पानं. "म्या काढलं" म्हणून त्या का थांबल्या ते तेव्हा कळलं.

खरं म्हणजे पुढच्याच थांब्याला उतरून मागं फिरायला पाहिजे होतं. मी उतरले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. आठ दिवस गेले नाही. रोज काहीतरी काम काढलं. मनाला सांगत होते, आता सांगून पीक थोडंच उभं राहणार आहे? आतली गोष्ट वेगळी होती. वस्तीतली पहिली पदवीधर, पिकाची डॉक्टर, आणि तिला एका अंगठेबहाद्दर बाईनं दाखवलेला रोग दिसला नाही, हे कुणाला कळायला नको होतं. मधे अण्णांचा फोन आला. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "रानात जातीस का गं?" मी म्हटलं, "जाते की." ते म्हणाले, "जा. लोकं वाट बगत्यात." मी फोन ठेवला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

नवव्या दिवशी गेले. काकूंच्या ओट्यावर दीर बसलेले होते, रब्बीत काय पेरायचं त्याचंच बोलणं चाललं होतं. म्हणजे रान जवळजवळ गेलंच होतं. लाइनीतल्या दोघी-तिघी शेंगा निवडत होत्या. मला बघून काकू उठल्या. "या म्याडम. च्या टाकते."

"चहा नको. बसा तुम्ही. मला तुमच्याशी बोलायचंय, भाऊंच्या समोरच." मी मोबाइलवर तो फोटो काढला आणि दिरांच्या हातात दिला. "हे चित्र काकूंनी काढलं होतं, महिन्याचं पीक असताना. या दोन रेघा बघा. हा चक्री भुंगा. त्यांना वेळेवर दिसला होता आणि त्यांनी वेळेवर दाखवला होता. त्या दिवशी मी रानात आले असते तर पीक हाती लागलं असतं. मी आले नाही, आणि वर त्यांना हसले. त्या दिवशी बांधावर मी बोलले ते खोटं होतं. उशीर त्यांनी नाही केला."

दिरांनी फोटो बराच वेळ बघितला. "पण तुमी तर ॲग्री शिकलेल्या ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग एवढं कळलं न्हाय?"

"न्हाय कळलं."

शेंगा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. व्हरांड्यात 'लगीन' म्हणालेली त्यांच्यातलीच एक. तिनं मान खाली घातली.

काकूंनी विचारलं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. "मग आट दिस कशाला लावले?"

"भीती वाटली, काकू."

"मला बी वाटली," त्या म्हणाल्या. "म्हनून तर बांधावर गप बसले. म्हटलं, शिकलेली बाई म्हनती उशीर केला, म्हंजी केलाच आसंल. रेघा कवा काढल्या त्ये बी मला आटवंना झालं. आट दिस म्या सोताला शिव्या दिल्या."

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. पीक जाण्यापेक्षा हे वाईट होतं. बाईच्या डोळ्यांना बरोबर दिसलं होतं, आणि माझ्या एका वाक्यानं तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. मी काही बोलणार तेवढ्यात त्या दिराकडं वळल्या.

"भावजी, ऐकलं न्हवं? रान मला कळतंय. अजून एक साल बगा."

दीर माझ्याकडं बघून म्हणाले, "आन् परत आसं झालं तर?"

"परत झालं तर मला विचारा, त्यांना नाही," मी म्हटलं.

"तुमाला कुठं धुंडायचं? तुमी तर मोबाइलात ऱ्हाता," ते म्हणाले, आणि बायका हसल्या. काकूही हसल्या. त्या हसण्यात माझी खोडी होती आणि ती मला मान्य होती. दीर उठले, फोन माझ्या हातात दिला. "बरं. एक साल."

जाताना काकू फाटकापर्यंत आल्या. "म्याडम, पुढल्या साली वर्ग माज्या रानात भरवा. आन् चपला बांधावर काढून या. काळ्या रानात चपलीनं चालाय येत न्हाय, तुमाला एवढं बी शिकवलं न्हाय व्हय कॉलेजात?"

पुढच्या खरिपात वर्ग त्यांच्या रानात भरला. दर आठवड्याला. चपला बांधावर काढून. पहिल्या तीन आठवड्यांत काही दिसलं नाही. चौथ्या आठवड्यात काकूंनीच आधी हाक मारली, "आल्या बगा बांगड्या!" माझाच विनोद त्यांनी माझ्या अंगावर टाकला आणि सगळ्या जणी ओळी धरून वाकल्या. मान टाकलेलं प्रत्येक झाड बघायचं, खाच सापडली की तिच्या खालून मोडायचं आणि पिशवीत टाकायचं, पिशवी बांधावर नेऊन जाळायची. मी पण ओळ धरली. संध्याकाळी कंबर धरली होती आणि नखं हिरवी झाली होती. चित्रं काढायला बसलो तेव्हा मी कुणाच्या कागदाला काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "हे काय काढलंय, सांगा." जिनं काढलं तिनं सांगायचं, मी लिहून घ्यायचं. दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या, त्याही मी लिहून घेतल्या.

ऑनलाइनची कामं कमी झाली नाहीत, वाढलीच. मी ती उन्हं उतरल्यावर करते, आणि कधी राहून जातात, बोलणी खाते. मागच्या सालच्या व्हरांड्यातल्या वर्गाचा अहवाल वरच्या ऑफिसात आजही 'यशस्वी' म्हणूनच नोंदलेला आहे. तो दुरुस्त करायची हिंमत मला झालेली नाही. काकूंचं ते एक पीक माझ्यामुळं गेलं आणि ते कुणी भरून दिलं नाही, मीही नाही. अण्णांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

त्या खरिपात काकूंचं दोन एकर सोयाबीन काढणीपर्यंत उभं राहिलं. रान दिराकडं गेलं नाही. आज ते त्या स्वतः कसतात, आणि माझ्या चारही गावांतल्या शेतीशाळा रानात भरतात.